कमरपट्टीवरचं नाव

“बोकुल, तुमच्या मुलींनी शुक्रवारीही काम करायचं कबूल केलंय म्हणे?”

ओल्या चादरीचं एक टोक पिळता पिळता रोकेयानं विचारलं आणि माझ्या हातातलं दुसरं टोक सुटलं. धुतलेली चादर गच्चीवरच्या धुळीत पडली. एरवी तिनं मला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिनं पडलेल्या चादरीकडं बघितलंही नाही.

“कोण म्हणालं?” मी विचारलं.

“मुदीर. परवा आमच्या लाइनीवर येऊन म्हणाला, इंडियावाल्या सुट्टी सोडायला तयार आहेत. तुम्ही बसा नखरे करत.”

“अगं, आम्हाला त्यानं तुमचं नाव सांगितलं! बांगलादेशच्या बायका हूं की चूं करत नाहीत म्हणे. तुमचीच तेवढी रड.”

मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. तिकडं सगळे त्याला तसंच म्हणत. कारखाना पँटी शिवायचा होता, वाळवंटातल्या एका देशात. देशाचं नाव मी सांगत नाही. तिथं चांगली माणसंही भेटली आणि नाव घेतलं की सगळ्यांवरच शिंतोडे उडतात. तीनशेच्या वर बायका होत्या. भारताच्या, बांगलादेशच्या, नेपाळच्या आणि श्रीलंकेच्या. मुदीरनं प्रत्येक देशाची लाइन वेगळी बसवली होती. कोणत्या देशानं किती पँटी काढल्या ते रोज फळ्यावर लिहायचा. आम्हीही येड्यासारख्या मान खाली घालून एकमेकींच्या पुढं पळायचो. सगळ्या एकत्र यायच्या त्या फक्त गच्चीवर, शुक्रवारी सकाळी, कपडे वाळत घालायला.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुसुमावती केस वाळवत बसली होती. श्रीलंकेची, पंचेचाळिशीची, आमच्या सगळ्यांत वडीलधारी. याआधी दोन देशांत राबून आलेली. तिला हसू आवरेना.

“आम्हाला त्यानं नेपाळचं नाव सांगितलंय,” ती म्हणाली. “दिलमाया, तुला कुणाचं सांगितलं?”

नेपाळची दिलमाया तोंडात चिमटे धरून दोरीशी उभी होती. चिमटे न काढताच तिनं कुसुमावतीकडं बोट दाखवलं.

मग आम्ही चौघी हसलो. हसता हसता रोकेया खाली बसली आणि धुळीतली चादर उचलून पुन्हा बादलीत बुडवायला लागली. “तीन वर्षं,” ती म्हणाली, “तीन वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या गं.”

मी पण दिल्या होत्या. पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही.

आमचं हे बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं, जिच्यात प्रत्येकीनं आपापल्या घरचं मीठ टाकलं होतं. रोकेया मैमनसिंगची. बकुळा हे माझं नाव तिच्या जिभेवर ‘बोकुल’ व्हायचं. त्यांच्याकडंही बकुळीला बोकुल म्हणतात. पहिल्याच दिवशी तिनं “तुझं नाव काय?” विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा तिनं ओंजळ नाकाशी नेली होती. तेव्हापासून आमची गट्टी.

माझं सासर सोलापूर, माहेर बार्शी. आम्ही शिंपी. वडील मी सहा वर्षांची असताना गेले आणि आईनं त्यांच्याच मशीनवर बसून मला वाढवलं. लग्नानंतर मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवत होते. तिथूनच चौदा जणींबरोबर या कारखान्यात आले. करारात लिहिलं होतं की दोन वर्षांनी महिन्याची रजा, जायच्या-यायच्या तिकिटासकट. पण पासपोर्ट मुदीरच्या लोखंडी कपाटात होते. ‘सुरक्षित राहावेत म्हणून.’ मला दोन वर्षं होऊन वर आठ महिने झाले होते.

आणि बार्शीत आई मोरीत पाय घसरून पडली होती. कंबरेचं हाड मोडलेलं. शेजारच्या गोदाक्का तिचं बघत होत्या. त्यांच्या फोनवर मी दर शुक्रवारी आईशी बोलायची. पडायच्या आधी ती ठणठणीत आवाजात विचारायची, “काय करलालीस गं बकुळे? जेवलीस का?” आता फोन गोदाक्काच घ्यायच्या आणि बाजूला होऊन हळू आवाजात सांगायच्या, “दिवसभर तुझ्या नावानं हाका मारतीय बघ. मी आत गेले तरी म्हणतीय, बकुळी आली का? किती दिवस फसवू तिला?”

मुदीरकडं मी तीनदा गेले. तो चिडायचाही नाही. “जा ना, कोण अडवतंय?” म्हणायचा. “ही ऑर्डर संपली की पासपोर्ट घे.” ऑर्डर संपायच्या आधी दुसरी आलेली असायची. मुलगा सोलापुरात सासूपाशी नीट होता, त्याची काळजी नव्हती. मला बाकी काही नको होतं. आईच्या तोंडून एकदा, समोर बसून, हाक ऐकायची होती. मोबाईलमधली नाही.

त्या दिवशी गच्चीवर मी म्हणाले, “आपापल्या दूतावासाला कळवू.”

“कळवलं नाही असं वाटतं तुला?” कुसुमावती केसांचा अंबाडा बांधत म्हणाली. “आमचा साहेब आला होता. मुदीरनं चहा पाजला आणि म्हणाला, तुमच्या बायकांना पटत नसेल तर घेऊन जा, मी नेपाळहून आणतो. साहेबानं फाइल मिटली. शंभर घरांची चूल विझवून तो कसा जाईल?”

“आमच्या बाई आल्या तेव्हा बांगलादेशहून आणतो म्हणाला,” दिलमाया बोलली.

“एकेकटे येतात म्हणून एकेकटे परत जातात,” कुसुमावती म्हणाली. “चौघं एकदम आले पाहिजेत.”

“साहेबलोकांना चौघं एकदम या असं सांगणारे आपण कोण?” मी म्हणाले.

कुसुमावती दोरीवरच्या ओल्या कपड्यांकडं बघत बसली. चार देशांचे परकर, सलवारी, लुंग्या, साड्या, सगळं एकाच दोरीवर, जागा मिळेल तसं टांगलेलं. मग ती म्हणाली, “नावं गोळा करायची. पण एकाच पट्टीवर, ती कापायची नाही. आणि देशवार नाही, मिसळून.”

बाईचं डोकं बघा. चार भाषांतली नावं एका पट्टीवर एकाआड एक. कुठल्याही एका साहेबाकडं ती पट्टी गेली तरी त्याला पावच भाग वाचता येणार; आमचं आणि नेपाळचं अक्षर एकच, पण तिथंही फार तर अर्धा. पूर्ण वाचायची तर बाकीच्यांना बोलावून घ्यायलाच पाहिजे.

कापडाला डाग पडतात म्हणून कारखान्यात पेन न्यायला बंदी होती. पण सुई-दोऱ्याला कोण अडवणार? पँटीच्या कमरपट्टीला आतून लावतात ती सुती पट्टी, दोन बोटं रुंद, तिच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या आमच्या पायाशी पडलेल्या असायच्या. कुसुमावतीनं पहिलं नाव आपलं शिवलं आणि गुंडाळी कापलेल्या कापडाच्या गठ्ठ्यात ठेवली. गठ्ठे या लाइनीवरून त्या लाइनीवर जायचेच. जिच्या पुढ्यात पट्टी येईल तिनं नाव शिवायचं, गुंडाळायचं, पुढं सारायचं. नऊ दिवस ती पट्टी मुदीरच्या नाकाखालून फिरत होती.

माझ्याकडं आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. आधीचं नाव दिलमायाचं होतं. सुपरवायझर पाठ करून उभा होता. मशीनवर अक्षर काढणं सोपं नसतं. दर वळणाला मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पुन्हा टाका घालायचा. विचार करायला वेळच नव्हता. हात आपोआप चालला. शाळेत जायच्या आधीच आईनं मला उशीच्या अभ्र्यावर अक्षरं शिवायला शिकवलं होतं. जन्मात एकच नाव मी शिवलं होतं, तेच शिवलं. ‘बकुळा’. आडनावाला जागा होती, पण सुपरवायझर वळला आणि मी पट्टी पुढं ढकलली.

ही माझी चूक. ती किती मोठी आहे ते मला पाच आठवड्यांनी कळलं.

पट्टी बाहेर काढली रोकेयानं. तिला डॉक्टरी तपासणीला शहरात नेणार होते. तिनं पट्टीची नाडी करून सलवारीत ओवली आणि गेली. गेटवरच्या बाईनं तिचा डबा तपासला, पिशवी तपासली, चपला उलट्या करून बघितल्या. “नाडीला हात लावला असता तर?” मी तिला नंतर विचारलं. “तर सलवार धरून पळाले असते,” रोकेया म्हणाली. दवाखान्यासमोरच बांगलादेशचं कार्यालय होतं. तिथल्या कामगार अधिकाऱ्याच्या बायकोकडून दुसरी नाडी मागून घेऊन ती परत आली.

पाच आठवडे काहीच झालं नाही. आई आता फोनवर यायची नाही म्हणजे नाहीच. गोदाक्का म्हणाल्या, “अन्न कमी केलंय तिनं.” मी देवाचं नाव घेणं सोडून मुदीरच्या कपाटाचं घ्यायला लागले होते.

आणि एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, सगळी मशीनं बंद झाली.

तीनशे मशीनं एकदम थांबली की कान बधिर होतात. आम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. समोर दोन टेबलं जोडून चार जण बसले होते. आमचे रावसाहेब, कर्नाटकचे. नेपाळच्या एक बाई. श्रीलंकेचे उंच, किरकोळ गृहस्थ. आणि बांगलादेशचे मोतालेबसाहेब, बुटके, ज्यांच्या बायकोची नाडी रोकेयाच्या सलवारीत होती. त्यांच्या शेजारी त्या देशाच्या कामगार खात्याचा म्हातारा अधिकारी, पांढऱ्या झग्यात. चौघं एकदम आले होते! कुसुमावतीनं माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या.

मुदीर मात्र हसत होता. त्याच्या कारकुनानं मोठं रजिस्टर उघडून ठेवलं होतं आणि लोखंडी कपाट हातगाडीवर घालून हॉलमध्ये आणलं होतं. म्हाताऱ्या अधिकाऱ्याला तो म्हणाला आणि कारकुनानं ते हिंदीत सांगितलं, “पट्टीवरची सगळी नावं माझ्या रजिस्टरात निघाली तर मी आत्ता कपाट उघडतो. पासपोर्ट देतो, करारातली रजा देतो, शुक्रवार देतो. पण एक जरी नाव खोटं निघालं तर ही चिंधी बाहेर कुणीतरी शिवलीय, असं धरायचं आणि विषय संपवायचा.”

म्हाताऱ्यानं चौघांकडं बघितलं. चौघांनी एकमेकांकडं. रावसाहेब म्हणाले, “कबूल.”

पट्टी टेबलावरून सरकायला लागली, दुकानात कापड मोजतात तशी. जिच्या भाषेतलं नाव येईल तिचा साहेब मोठ्यानं वाचायचा, ती बाई उभी राहायची, कारकून रजिस्टरात बोट ठेवायचा आणि मान हलवायचा. बंगाली, सिंहली, नेपाळी, मराठी, पुन्हा सिंहली. एक नाव, दुसरं, दहावं, तिसावं. मुदीरचं हसू कमी कमी होत चाललं होतं. शेहेचाळिसावं दिलमायाचं.

रावसाहेबांनी पट्टी ओढली. “बकुळा,” त्यांनी वाचलं. “आडनाव नाही.”

कारकुनाचं बोट वरून खाली गेलं. पुन्हा खालून वर गेलं. “या नावाची कुणी नाही,” तो म्हणाला.

आणि मला आठवलं.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. ‘बकुळा’ माझ्या सासरच्यांना म्हातारं वाटलं. ‘अश्विनी’ ठेवलं. रेशनकार्डावर अश्विनी, बँकेत अश्विनी, पासपोर्टवर अश्विनी दत्तात्रय हेंद्रे. सासरी अकरा वर्षं मी त्याच नावाला ‘ओ’ देत होते. बकुळा फक्त आईच्या तोंडी उरली होती. कारखान्यात रोकेयानं नाव विचारलं तेव्हा मला वाटलं, इथं कोण अडवतंय? माझंच नाव आहे. म्हणून सांगितलं आणि सगळ्या बायका तेच म्हणायला लागल्या. सुपरवायझर तर नंबरानंच बोलवायचा.

मी उठून उभी राहिले. “बकुळा मीच.”

कारकुनानं रजिस्टर पुढं केलं. “ही चारशे सतरा. अश्विनी.”

मुदीर परत हसायला लागला. “बघा. एक तर नाव खोटं, नाहीतर बाई खोटी.” आणि त्यानं कपाटाची किल्ली खिशात टाकली. अजून छत्तीस नावं वाचायची होती. रोकेयाचं त्यातलंच. तिचा मुलगा चौथीला गेला होता आणि तिनं त्याला पहिलीनंतर बघितलं नव्हतं.

बार्शीला मी जात नाही ते नाहीच, पण माझ्यापायी ब्याऐंशी जणी अडकल्या. मनात आलं, धरणी दुभंगावी. सीतामाईला निदान तेवढी तरी सोय होती.

“दोन नावं कशी?” म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं.

मी तांदळाचं ताट सांगितलं. अंगठी सांगितली. रावसाहेबांनी ते भाषांतर करून सांगितलं, पण त्यांचाच आवाज पडला होता. त्यांना रीत माहीत होती. पण कागदावर ती कशी दाखवणार?

तेवढ्यात मोतालेबसाहेब खुर्ची सरकवून उठले.

“साहेब,” ते म्हाताऱ्याला म्हणाले, “माझ्या पासपोर्टवर अब्दुल मोतालेब आहे. पण माझ्या आईला जाऊन विचारा, अब्दुल मोतालेब कुठंय? ती म्हणेल, या घरात असा कुणी राहत नाही. ती मला खोका म्हणते, म्हणजे बाळ. आमच्याकडं प्रत्येकाला दोन नावं असतात. एक कागदाला, एक घराला.”

खोका! आमच्या सोलापूरच्या चौदा जणींना त्या जिवाच्या आकांतातही हसू फुटलं. साहेबही हसले. “हसा, हसा,” म्हणाले, “साठीला आलो तरी खोकाच आहे.” मग ते आपल्या बायकांकडं वळले. “रोकेया बेगम, तुला आई काय म्हणते?”

रोकेया उठली. “टुनी,” ती म्हणाली. आणि एवढी दांडगट बाई, ओढणीनं तोंड झाकून रडायला लागली.

“कांछी,” दिलमाया कुणी न विचारताच उभी राहिली. “धाकटी म्हणून.”

“चूटी,” कुसुमावती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांची, पिकल्या केसांची बाई. “म्हणजे लहानगी. म्हणणारं आता कुणी नाही. पण तेच नाव.”

मग ते थांबेचना. रांगेतून एकेक उठायला लागली. कुणी मैली, म्हणजे नेपाळीत मधली, कुणी पुतुल, कुणी ठमी, कुणी नंगी, म्हणजे सिंहलीत धाकटी बहीण, कुणी बेबी. जिनं पट्टीवर नाव शिवलं नव्हतं तीही उठली. जिला भाषा येत नव्हती तीही उठली, कारण काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. तीन वर्षं एका छपराखाली बसून आम्ही एकमेकींचे नंबर ऐकले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आया आल्या. मी चांगली रडले. मुदीरच्या समोर रडले, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

शेवटी म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं हात वर केला. कारकुनाला तो हळू काहीतरी म्हणाला. कारकुनाला ते सांगायचं नव्हतं हे दिसत होतं.

“साहेब म्हणतात, त्यांच्या आईला जन्मभर सगळे सालिमची आई म्हणायचे. तिचं स्वतःचं नाव त्यांनी ती गेल्यावर कागदावर वाचलं.” कारकुनानं पेन उचललं. “साहेब म्हणतात, लिहा. दोन्ही नावं लिहा. आणि कपाट उघडा.”

दुपारच्या जेवणापर्यंत त्र्याऐंशी पासपोर्ट वाटून झाले. माझा देताना रावसाहेब म्हणाले, “बकुळाबाई, पुढच्या वेळी आडनाव तरी घाला हो! जीव गेला होता माझा.” मग म्हणाले, “आम्ही चौघं या शहरात चार वर्षं आहोत. एकमेकांच्या कार्यालयात चहा प्यायलो. पण तुमची पट्टी वाचायला बसलो तेव्हा पहिल्यांदा एकमेकांच्या फायली बघितल्या. चारी फायलींत मुदीरचं एकच वाक्य होतं, फक्त देश बदललेले.” त्यानंतर कारखान्याला जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर चौघांच्या सह्या असायच्या, असं ते म्हणत. खरं असावं. मुदीरनं पुन्हा आमच्यासमोर दुसऱ्या देशाचं नाव घेतलं नाही.

नवव्या दिवशी मी बार्शीला होते. आई खाटेवर पडून होती, मूठभर झालेली. मी दारात चपला काढत होते आणि तिनं डोळे मिटूनच विचारलं, “बकुळी आली का?”

“आली गं,” मी म्हणाले.

“सोडलं व्हय त्यांनी?”

“सोडायला लावलं आई.”

कुणी लावलं, कसं लावलं, ते मी तिला सांगत बसले. तिला त्यातलं फारसं कळलं नाही. खोका मात्र कळला आणि ती कितीतरी वेळ हसत होती. सव्वीस दिवस मी तिच्यापाशी होते, मुलालाही तिथंच आणलं होतं. दिवसातून शंभरदा हाक मारायची. पाणी दे बकुळे. उशी सारखी कर बकुळे. काही नाही गं, बघितलं हायेस का ते. सव्वीस दिवसांनी परत फिरावं लागलं. ती चौथ्या महिन्यात गेली. तेव्हा मी लाइनीवर होते. रोकेया, कुसुमावती आणि दिलमाया आपापल्या लाइनी सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि सुपरवायझरनं त्यांना उठवलं नाही.

पुढं वर्षभरानं सगळ्यांचे करार संपत आले. पट्टी कुसुमावतीकडं होती, साहेबांनी तिच्या नकला काढून घेऊन परत दिली होती. शेवटच्या शुक्रवारी तिनं ती गच्चीवर आणली आणि दोरे कापायची कातर काढली.

“कापायची नाही म्हणाली होतीस ना?” मी म्हणाले.

“तेव्हा ती कुणी पूर्ण वाचली नव्हती,” ती म्हणाली.

प्रत्येकीनं एक नाव घ्यायचं, पण स्वतःचं नाही, असं ठरलं. मी कुसुमावतीचं घेतलं. गोल गोल अक्षरं आहेत, मला अजून वाचता येत नाहीत. माझं नाव रोकेयानं घेतलं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आता सून आली आहे, नातू आहे. सून आई म्हणते, नवरा अश्विनी म्हणतो, गल्ली हेंद्रेकाकू म्हणते. कशातच काही वाईट नाही. पण कधीकधी दुपारी मशीनवर बसले असताना वाटतं, मागून कुणीतरी एकदा, नुसतंच, कामाशिवाय हाक मारावी. गोदाक्का होत्या तोवर त्या मारायच्या. त्याही गेल्या.

मागच्या महिन्यात रोकेयाचा फोन आला. वर्षातून एक-दोनदा येतो. ती हिंदी आता पार विसरत चालली आहे, मीही. गुडघे कसे आहेत, मुलाचं काय, एवढं झालं. ती अंगणात बसली असावी, कोंबड्यांचा आवाज येत होता. ती काहीतरी सांगायला लागली, नातीबद्दल, दोन वर्षांची आहे, फार खोडकर आहे. मला नीट कळेना. तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी बाई, तिची सून असेल, त्या पोरीला शोधत मोठ्यांदा ओरडली.

“बोकुल! ए बोकुल!”

इकडं सोलापुरात, भर दुपारी, घरात कुणी नसताना, मी म्हणाले, “ओ.”